६० हजारांत मायक्रोफॅब्रिकेशनची लॅब उभी राहील का? (गोवा, कॉलेज लेव्हल)

फोंड्याचा_मास्तर

नमस्कार मंडळी. मी फोंड्याकडच्या एका कॉलेजात फिजिक्स शिकवतो. यंदा एमएस्सीच्या दोघा पोरांनी हट्टाने मायक्रोफ्लुइडिक्सचा प्रोजेक्ट घेतलाय. काचेवर केसाएवढ्या बारीक नाल्या करायच्या, त्यातून दोन रंगांचं पाणी शेजारी शेजारी सोडायचं आणि ते किती लांब गेल्यावर एकमेकांत मिसळतं ते मोजायचं. डिपार्टमेंटकडून ६०,००० च्या आसपास मिळतील, तेही मार्चच्या आत बिलं लावायची, म्हणजे कसं असतं ते तुम्हाला माहीतच आहे.

स्पिन कोटरचं (काच गरगर फिरवून तिच्यावर रसायनाचा पातळ थर बसवणारं मशीन) कोटेशन मागवलं तर एकट्या त्याचाच आकडा अख्ख्या बजेटच्या वर गेला, मास्क अलायनरचं (नक्षीचा मास्क जागेवर बसवून यूव्ही मारणारं मशीन) तर विचारायची हिंमतच झाली नाही. क्लीनरूम (हवेतली धूळ गाळलेली खोली) नाही. फ्यूम हूड (रसायनांच्या वाफा बाहेर ओढणारं कपाट) आहे पण तो केमिस्ट्रीवाल्यांचा, आणि तो त्यांचाच आहे हे ते आम्हाला विसरू देत नाहीत. त्यात आमची बिल्डिंग डोंगराच्या कुशीत, जूनपासून भिंतींना ओल, मायक्रोस्कोपच्या लेन्सवर बुरशी, लाइट दिवसातनं कितीदा जाते त्याला हिशेबच नाही.

तर विचारायचं असं की स्पिन कोटर, यूव्ही लाइट, हॉट प्लेट वगैरे घरगुती बनवून खरंच काम होतं का की नुसते यूट्यूबचे व्हिडिओ बघायला बरे. आणि दुसरं, आमचे एचओडी म्हणतात प्रोजेक्टच्या नावात ‘नॅनो’ शब्द पाहिजेच, तर खरंखुरं नॅनो काही करता येईल का या पैशात? कोणी गोव्यात किंवा जवळपास केलं असेल तर जरा सविस्तर लिहा.

सोल्डरबाब_म्हापसा

मास्तर, सगळ्यात आधी सांगा नाली किती रुंद पाहिजे. काय घ्यायचं आणि काय नाही ते त्या एका आकड्यावर ठरतं, बाकी सगळं नंतर. लोक उलटं करतात, आधी मशीनची यादी करतात आणि मग त्यात काय बनवायचं ते शोधतात.

तुमच्या प्रयोगाला १०० ते २०० मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) रुंदी भरपूर झाली. एवढ्या नालीत पाणी इतकं शिस्तीत वाहतं की दोन रंग बाजूबाजूनेच जातात, भोवरे नाहीत, मिसळणार ते फक्त डिफ्यूजनने (रेणू आपोआप पसरून), आणि रंगाच्या रेणूला १०० मायक्रॉन ओलांडायला काही सेकंद लागतात. म्हणजे सेंटीमीटर-दोन सेंटीमीटरच्या नालीत तुम्हाला पाहिजे ते सगळं डोळ्यासमोर दिसतं. आणि १०० मायक्रॉनला स्पिन कोटर लागतच नाही! पीसीबीवाले वापरतात तो ड्राय फिल्म फोटोरेझिस्ट (यूव्ही पडला तेवढाच भाग घट्ट होतो अशी फिल्म) घ्या, निळसर रोल येतो, एक थर साधारण ३५ ते ४० मायक्रॉनचा. कॉपर क्लॅड बोर्डवर चिकटवायचा, खोल नाली पाहिजे तर थरावर थर, दोन थर म्हणजे ७०-८० मायक्रॉन. चिकटवायला झेरॉक्सवाल्याकडे आयडी कार्ड लॅमिनेट करायचं मशीन असतं ते पुरतं. फिल्मला दोन्ही बाजूंनी पातळ प्लास्टिक असतं, ते नखाने निघत नाही, कोपऱ्याला दोन्हीकडून सेलोटेपचा तुकडा लावून ओढला की आतलं सुटतं. बोर्ड आधी घासून चकचकीत करा आणि हात लावू नका, बोटाचा ठसा पडला की बरोबर तिथेच फिल्म उचलते.

मग वर मास्क (नक्षी छापलेली पारदर्शक फिल्म) ठेवायचा, काचेने दाबायचा, यूव्ही मारायचा, १५-२० मिनिटं थांबायचं, वरचं प्लास्टिक काढायचं आणि धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात डेव्हलप (यूव्ही न पडलेला भाग धुऊन काढायचा), लिटरला १० ग्रॅम. मऊ ब्रशने हलकेच फिरवत राहायचं. ना फ्यूम हूड, ना महागडा डेव्हलपर.

यूव्हीसाठी पार्लरमध्ये नखं सुकवायचा दिवा असतो तो चालतो, त्यात ३६५ आणि ४०५ नॅनोमीटरचे एलईडी असतात. पण त्याचा उजेड चारी बाजूंनी येतो म्हणून मास्कच्या कडेखाली शिरतो आणि भिंती तिरक्या होतात. त्यापेक्षा एकच जास्त वॅटचा ३६५ चा एलईडी, मागे मोठा हीटसिंक, आणि २५-३० सेंटीमीटर वर टांगायचा. वेळ लागतो पण किरण बरेच सरळ येतात. मास्क दाबायला साधी खिडकीची काच चालते, पॉलिकार्बोनेटची शीट नको, ती ३६५ अडवते.

वेळ किती द्यायचा हे मला विचारू नका, तुमच्या दिव्यावर आहे. एक पट्टी घ्या, पुठ्ठ्याने झाका, दर १० सेकंदांनी पुठ्ठा एकेक सेंटीमीटर सरकवा, डेव्हलप करा, कुठला भाग चांगला आला ते दिसेल. दिवा, अंतर किंवा रोल बदलला की परत तेच.

बोर्डवर उरलेली नक्षी हाच साचा, त्यावर पीडीएमएस (पारदर्शक सिलिकॉन रबर) ओतायचं, १० भाग बेस १ भाग हार्डनर. बजेटमधला मोठा खर्च हाच, तिथे कंजुषी नको. बुडबुडे काढायला व्हॅक्यूम लागतो, भंगारवाल्याकडून जुन्या फ्रिजचा कॉम्प्रेसर आणा आणि डेसिकेटरला (हवा काढता येणारं झाकणाचं भांडं) जोडा, मधे तेल अडवायला एक बाटली लावा. ६०-६५ डिग्रीला ओव्हनमध्ये काही तास ठेवलं की घट्ट होतं आणि साच्यातून सुटतं. लॅटेक्सचे हातमोजे घालून पीडीएमएसला हात लावू नका, त्यातल्या सल्फरने त्याचा प्लॅटिनम कॅटलिस्ट मरतो आणि कडा चिकटच राहतात. नायट्राइलचे घ्या.

सिरिंज पंप बनवायच्या नादाला लगेच लागू नका. फार्मसीतून सलाइनचा सेट आणा आणि बाटली स्टँडवर वरखाली करा, १० सेंटीमीटर उंची म्हणजे जवळजवळ १ किलोपास्कल. पोरांना प्रेशरही कळतं.

झुआरीपार

सोल्डरबाब बोलतोय ते १०० मायक्रॉनपर्यंत एकदम मान्य, पण स्पिन कोटर करूच नका हे मला पटत नाही. एमएस्सीची पोरं आहेत, उद्या कुठे पीएचडीला गेली तर पहिल्याच दिवशी रेझिस्ट, बेक, एक्स्पोझर हेच करायचंय. आणि स्पिन कोटर बनवणं हा स्वतःच अर्धा प्रोजेक्ट आहे, मोटर कंट्रोल आणि फ्लुइड मेकॅनिक्स एकत्र. मी सध्या पीएचडी करते, नाव-गाव नको, पण आमच्या लॅबमधला पहिला कोटर सीनिअर्सनी ड्रोनच्या मोटरवरच केलेला आणि तो अजून फिरतोय.

सर, मोटर ब्रशलेस घ्या, १२ व्होल्टचा एसएमपीएस (पॉवर सप्लाय), ईएससी (मोटरचा स्पीड कंट्रोलर) आणि आर्डुइनो. एक गोष्ट सगळे व्हिडिओवाले सोडून देतात, ती म्हणजे फीडबॅक. नुसता ईएससीला सिग्नल देऊन ‘३००० आरपीएम’ म्हणायचं आणि प्रत्यक्षात किती फिरतंय कुणालाच माहीत नाही. चकच्या (काच धरणारी फिरती चकती) कडेला पांढऱ्या टेपचा एक तुकडा लावा, समोर आयआर सेन्सर, एका फेरीला एक पल्स, आणि त्यावर पीआयडी लूप (स्पीड मोजून आपोआप दुरुस्त करणारा प्रोग्राम). मग व्होल्टेज खालीवर झालं तरी स्पीड धरून राहतो. तुमच्याकडे लाइट जाते म्हणता तर एक साधा यूपीएस मधे टाका, कोटिंग चालू असताना लाइट गेली की तो सॅम्पल मेलाच.

जाडी आरपीएमच्या वर्गमुळाच्या उलट प्रमाणात जाते, म्हणजे जाडी अर्धी करायची तर स्पीड चौपट. हे एका ग्राफमध्ये पोरांनी स्वतः काढलं तर व्हायवाला तेवढंच पुरे. आकडे म्हणाल तर एस१८१३ रेझिस्ट ४००० आरपीएमला साधारण १.३ मायक्रॉन बसतो, एसयू-८ २०५० हा जाड थराचा रेझिस्ट ३००० ला ५० मायक्रॉन. एसयू-८ शिकायला छान आहे पण महाग, आणि त्याचा डेव्हलपर पीजीएमईए नावाचं सॉल्व्हंट, त्याला हवा खेळती पाहिजे, म्हणजे केमिस्ट्रीवाल्यांशी गोड बोलावंच लागेल.

व्हॅक्यूम चक (हवा ओढून काच धरणारा) करू नका, त्रास फार. थ्रीडी प्रिंटरवर काचेच्या मापाचा खळगा असलेला चक काढा. मायक्रोस्कोपची ७५ बाय २५ ची स्लाइड मात्र वापरू नका, लांबट असल्याने टोकांना रेझिस्ट जमतो आणि हवेने थरथरते, २५ मिलिमीटरचे चौकोन कापून घ्या. आजूबाजूला स्टीलचा डबा आणि वर झाकण, नाहीतर रेझिस्ट सगळ्यांच्या शर्टावर. झाकण उघडं असेल तर मोटर चालूच होऊ नये असा स्विच लावा, काचेचा तुकडा ३००० आरपीएमला सुटला तर काय होईल ते सांगायला नको.

हॉट प्लेटचं पण तेच, विकत घेऊ नका. थ्रीडी प्रिंटरचा हीटेड बेड ९५ डिग्रीपर्यंत आरामात जातो, वर ॲल्युमिनियमची जाड प्लेट ठेवली की तापमान सगळीकडे सारखं होतं.

पावसाळ्याबद्दल. कोटिंगच्या आधी काच ११०-१२० डिग्रीवर १० मिनिटं तापवायचीच, गोव्यात तर वर्षभर, नाहीतर काचेवरचा पाण्याचा पातळ थर रेझिस्टला धरू देत नाही आणि डेव्हलपरमध्ये टाकल्यावर सगळी नक्षी सालीसारखी निघून येते. पण गंमत अशी की एस१८१३ सारख्या पॉझिटिव्ह रेझिस्टला (उजेड पडलेला भाग धुऊन जातो असा) एक्स्पोझरच्या वेळी थोडं पाणी लागतंच, त्याच्या रासायनिक क्रियेतच ते आहे. एसी लावून खोली अगदी कोरडी ठणठणीत केली तर तीही अडचण. म्हणजे काच कोरडी, हवा मध्यम.

क्लीनरूमची चिंता सोडा. ५० मायक्रॉनच्या नालीला धुळीचा कण फार काही करत नाही. बायोलॉजीवाल्यांकडे टिश्यू कल्चरचा जुना लॅमिनार हूड (गाळलेल्या हवेचं कपाट) अडगळीत पडलेला असेल तर तेवढा मागून घ्या. पिवळ्या उजेडाने रेझिस्ट बिघडत नाही, तेव्हा खिडक्यांना पिवळी फिल्म आणि पिवळे एलईडी, बस.

फोंड्याचा_मास्तर

वा, एका रात्रीत एवढं! बाब, नाली १०० चालेल. ड्राय फिल्मने सुरुवात करतो आणि एक पोरगा स्पिन कोटरला लावतो, भांडण नको. पण मास्क? तुम्ही दोघांनी त्याला हातच लावला नाही. कॉलेजच्या लेझर प्रिंटरवर ट्रान्सपरन्सी काढून बघितली, उजेडासमोर धरली तर काळ्यात असंख्य भोकं दिसतात.

छापखाना_मडगाव

हे माझ्या धंद्यातलं म्हणून बोलतो, मायक्रो-बिक्रोतलं मला काही कळत नाही.

लेझर प्रिंटर ६०० डीपीआयचा (इंचाला ६०० ठिपके) असेल तर एक ठिपका ४२ मायक्रॉनचा, १२०० चा असेल तर २१. त्यात टोनर पावडर, ती वितळून बसते त्यामुळे कड फाटकी आणि मधे भोकं राहणारच. दोन कॉप्या एकावर एक चिकटवून लोक वापरतात पण १०० मायक्रॉनला ते जुळवणं कटकटीचं. तुम्हाला पाहिजे ती इमेजसेटरची (लेझरने फिल्मवर नक्षी काढणारं मशीन) फिल्म, आम्ही ऑफसेटला वापरायचो ती. २५४० डीपीआयला एक ठिपका बरोबर १० मायक्रॉन, काळा एकदम गच्च. रेघ निदान दोन-तीन ठिपक्यांची ठेवा, म्हणजे २५-३० मायक्रॉनपर्यंत विश्वासाने येते.

आता अडचण अशी की बहुतेक प्रेस सीटीपीवर गेल्या, प्लेट थेट कॉम्प्युटरवरून निघते, फिल्मची मशीनं भंगारात गेली. पण स्क्रीन प्रिंटिंगवाल्यांना अजून फिल्म लागते, त्यांना विचारा ते कुठून काढून आणतात, गोव्यात नाही मिळाली तर बेळगाव-कोल्हापूरकडे मिळून जाईल. फाइल पीडीएफ द्या आणि व्हेक्टरच द्या, जेपीजी दिली की झालं. ए४ वर जेवढ्या नक्ष्या बसतील तेवढ्या बसवा, पैसे फिल्मच्या मापाचे घेतात, आतल्या कामाचे नाही. आणि सांगताना ‘इमल्शन डाऊन’ सांगा, शाईची बाजू तुमच्या त्या रेझिस्टला टेकली पाहिजे, वर राहिली तर फिल्मच्या जाडीएवढं अंतर पडतं आणि कड पसरते. अक्षरं असतील तर आरसा करायचा की नाही ते आधी कागदावर करून बघा.

रसायनशाळेतली_बाय

फ्यूम हूडवरून टोमणा मारलात तो वाचला हां सर 😄 हूड देऊ, पण बाटल्यांवर लेबलं लावून आत ठेवा आणि काम झालं की आपलं आपण पुसून जा, एवढंच आमचं म्हणणं असतं.

‘नॅनो’बद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून मी लिहिते. दोन गोष्टी या पैशात खरोखर होतात.

पहिली अगदी फुकटातली. सीडी. तिच्यावरच्या ओळींमधलं अंतर १.६ मायक्रॉन, डीव्हीडीचं ०.७४, आणि खाचांची खोली तर नॅनोमीटरमध्येच मोजायची. रायटेबल सीडीच्या वरच्या बाजूला चाकूने एक रेघ मारून टेप लावून ओढलं की चंदेरी पापुद्रा निघतो, रंग आयपीएने (आयसोप्रोपिल अल्कोहोल) धुवायचा, खाली उरलेल्या पॉलिकार्बोनेटवर पीडीएमएस ओतायचं. सुटलेल्या तुकड्यावर इंद्रधनुष्य दिसलं की खाचा उतरल्या. मोजायला एसईएम (इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप) नको, ६५० नॅनोमीटरचा लाल लेझर पॉइंटर मारा, सीडीच्या कॉपीतून पहिला ठिपका साधारण २४ डिग्रीला आणि डीव्हीडीच्या कॉपीतून ६१ डिग्रीला आला पाहिजे. ग्रेटिंगचं सूत्र तुमच्याच विषयाचं. पीडीएमएस ताणलं की ठिपका सरकतो, तेही मोजता येतं.

दुसरी म्हणजे ॲल्युमिनियमचं ॲनोडायझिंग. ०.३ मोलर ऑक्झॅलिक ॲसिड, म्हणजे बाटलीतलं नेहमीचं डायहायड्रेट लिटरला ३८ ग्रॅमच्या आसपास, आणि ४० व्होल्टचा डीसी. ॲल्युमिनियमवर ऑक्साइडचा थर वाढतो आणि त्यात उभी नळ्यांसारखी भोकं आपोआप पडत जातात, एका भोकापासून दुसरं साधारण १०० नॅनोमीटरवर. हे अंतर व्होल्टेजवर ठरतं, व्होल्टला अडीच नॅनोमीटरच्या हिशेबाने. मास्क नाही, लिथोग्राफी नाही. १९९५ मध्ये जपानच्या मासुदा आणि फुकुदा यांनी भोकं मधाच्या पोळ्यासारखी ओळीत कशी आणायची ते दाखवलं, १९९६ मध्ये मासुदा आणि सातो यांनी तेच दोन टप्प्यांत करून दाखवलं, तेव्हापासून जगभर हेच चालू आहे. दुसऱ्या टप्प्याआधी पहिला थर काढायला क्रोमिक ॲसिड लागतं, ते विषारी, पोरांना देऊ नका. एकाच टप्प्यात जास्त वेळ ठेवा, वरची भोकं वेडीवाकडी आणि खालची बरीच शिस्तीत येतात. पर्क्लोरिक ॲसिडने इलेक्ट्रोपॉलिश करतात ते पण नको, त्याचे स्फोट झालेले आहेत.

द्रावण थंड पाहिजे, ५ डिग्रीच्या आसपास. आम्ही थर्माकोलच्या पेटीत मासळी मार्केटातला बर्फ आणून काम भागवतो, चिलर वगैरे काही नाही. दुसऱ्या टोकाला स्टीलची पट्टी किंवा जुन्या सेलमधली कार्बनची कांडी. भोकं झालीत की नाही ते बघायला प्लेट कापडाच्या रंगात बुडवा, भोकं असतील तर रंग आत शिरून बसतो, साध्या ॲल्युमिनियमवरून धुऊन जातो. मग खात्रीला एखादा सॅम्पल एसईएमला, झुआरीनगरला बिट्स पिलानीच्या गोवा कॅम्पसवर सोय आहे, किंवा आय-स्टेमच्या पोर्टलवर शोधा, कुठल्या संस्थेत कुठलं मशीन बाहेरच्यांना मिळतं ते तिथे दिसतं.

४० व्होल्टला ओल्या हाताने हात लावायचा नाही, आणि ऑक्झॅलिक पोटात गेलं तर वाईट, तेव्हा लॅबमध्ये चहा-भजी बंद. टीएमएएच नावाचं रसायन असलेला डेव्हलपर कोणी सुचवला तर घेऊ नका, तो कातडीतून शरीरात जातो आणि त्याने माणसं गेलेली आहेत. उरलेला रेझिस्ट आणि सॉल्व्हंट बेसिनमध्ये नाही, वेगळ्या कॅनमध्ये. आपल्याकडे कॉलेजच्या मागेच कुणाची तरी विहीर असते.

झुआरीपार

बायशी सहमत, एचओडींचा ‘नॅनो’ तिथे सुटला. आणि पुढे ई-बीम (इलेक्ट्रॉनच्या झोताने नक्षी काढणं), स्पटरिंग (पातळ थर बसवायची पद्धत) असलं काही लागलंच तर ते बनवायच्या भानगडीत पडू नका. केंद्राच्या इलेक्ट्रॉनिक्स मंत्रालयाचा आयएनयूपी-आय२आय कार्यक्रम आहे, त्यातून आयआयटी मुंबई, बंगळुरूची आयआयएससी अशा ठिकाणच्या क्लीनरूम बाहेरच्या कॉलेजांना वापरायला मिळतात, आधी ट्रेनिंग देतात. कोकणकन्येने रात्री निघालं की सकाळी मुंबई. पोरांनी इथे हाताने केलेलं असेल तर तिथला वेळ फुकट जात नाही.

फोंड्याचा_मास्तर

बाय, टोमणा मागे घेतला 🙏 उद्याच हूडचं बोलायला येतो. शेवटचे दोन प्रश्न. पीडीएमएस काचेला चिकटवायला प्लाझ्मा (विजेने पेटवलेला वायू) लागतो म्हणे, मायक्रोवेव्ह ओव्हनमध्ये करतात असं वाचलं. आणि नालीची खोली कशी मोजायची, प्रोफाइलोमीटर (पृष्ठभागाची उंची-खोली मोजणारं यंत्र) तर नाही.

सोल्डरबाब_म्हापसा

मायक्रोवेव्हवाला होतो, पण आत काचेचं भांडं, त्यात व्हॅक्यूम, वरून मायक्रोवेव्ह, भांडं तडकलं की काचा आत खेचल्या जाऊन उडतात. पोरांच्या हातात मी देणार नाही. तुम्ही सलाइनच्या बाटलीने पाणी सोडणार म्हणजे प्रेशर १०-१५ किलोपास्कलच्या वर जातच नाही, त्याला प्लाझ्मा नकोच. काच आयपीएने पुसा, पीडीएमएसच्या खालच्या बाजूला सेलोटेप लावून काढा म्हणजे धूळ जाते, आणि नुसतं दाबून ठेवा, आपोआप धरतं. कुठे गळलं तर काढून परत लावता येतं, प्लाझ्माने चिकटवलेलं काढता येत नाही.

खोलीसाठी मायक्रोस्कोपचा फाइन फोकस वापरा. ४० एक्सचा ऑब्जेक्टिव्ह, बोर्डच्या तांब्यावर फोकस, आकडा लिहा, मग रेझिस्टच्या वरच्या पृष्ठभागावर फोकस, परत आकडा. बहुतेक मायक्रोस्कोपवर एक घर २ मायक्रॉनचं असतं, तुमच्या चकतीवर लिहिलेलं बघा. नेहमी एकाच दिशेने फिरवत फोकस करा, उलटसुलट केलं की गिअरची ढिलाई आकड्यात येते. साच्याची उंची मोजा, पीडीएमएसमधल्या नालीची नको, कारण पारदर्शक वस्तूतून बघताना खोली खोटी दिसते आणि अपवर्तनांकाने गुणत बसावं लागतं. आणि त्याआधी त्या लेन्सवरची बुरशी पुसून घ्या, रिकाम्या पत्र्याच्या डब्यात सिलिका जेल घालून ऑब्जेक्टिव्ह त्यात ठेवायचे, जेल गुलाबी झालं की तव्यावर भाजून परत निळं.